तातेरावची नळी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बियाणे कंपनीचं जुनं गोदाम आहे. कंपनीने कारभार दुसरीकडे हलवला, पोती गेली, पण बियाण्याला चोळायच्या औषधाची गुलाबी भुकटी फरशीच्या भेगांमधून गेली नाही. गोदाम लांबट आहे. खिडक्या पार छपराजवळ आहेत आणि एका टोकाला वाळूच्या पोत्यांची थप्पी, त्यामागे जाड पोलादी पत्रा. नेमबाजांचा एक छोटा क्लब इथे रीतसर परवानगी घेऊन पन्नास मीटरवर रायफलचा सराव करतो. पालथं झोपून नेम धरावा लागतो, त्यामुळे सराव करून उठणाऱ्याचे दोन्ही कोपर गुलाबी झालेले असतात.

गिरिधर परतूरकर यांचे कोपर कित्येक वर्षं दर रविवारी असे गुलाबी होत आले आहेत. बाकीचे सहा दिवस ते बियाण्याच्या प्रयोगशाळेत उगवण तपासतात. ओल्या कागदावर बी मांडायचं, कागदाची गुंडाळी करून उबेच्या कपाटात ठेवायची, ठरल्या दिवशी उलगडून रोपं मोजायची. चांगलं, वेडंवाकडं आणि मेलेलं, अशा तीन ढिगांत त्यांची आयुष्यभराची नोकरी गेली. एकाच पोत्यातल्या नमुन्याच्या चार गुंडाळ्या करतात. चारींचा निकाल एकमेकांशी जुळला नाही, तर तपासणी पुन्हा. तरीही जुळला नाही, तर लॉट खराब. मोजणारा खराब असू शकतो, असा रकाना त्या कामात नाही.

त्यांची रायफल जर्मन बनावटीची, पॉइंट टू टू बोअरची, फक्त कागदावर नेम धरायच्या कामाची. तिचं वैशिष्ट्य म्हणजे नळी बदलता येते. खालचे स्क्रू सैल केले की नळी पुढे ओढून निघते आणि दुसरी तिच्या जागी बसते. स्क्रू आवळताना मात्र घाई चालत नाही. ठराविक जोरालाच थांबणारा एक पाना असतो, त्याने आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं. एक जरी स्क्रू जास्त आवळला तरी गोळी दुसरीकडे जाते. परतूरकर हे काम टेबलावर पांढरं कापड पसरून करतात. त्यांच्या पत्नी शैला म्हणतात, "देवपूजेला एवढा वेळ लावला असता तर देव दारात उभा राहिला असता."

परवाना परतूरकरांच्या नावावर आहे. त्याच परवान्यावर एका जादा नळीची नोंद आहे. ही जादा नळी तातेराव खरातांची.

तातेराव केदारखेड्याचे. घराणं मेंढरं राखणारं, पण ते स्वतः शिकाऊ म्हणून जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये आले आणि लेथवर रमले. लोखंडी सळया ज्या रुळांमधून दाबून निघतात, त्या रुळांच्या खाचा कापायचं काम ते करत. क्लबात दोघांची ओळख झाली. चांगली रायफल एकेकट्याला झेपणारी नव्हती, म्हणून खर्च निम्मा-निम्मा करून एक रायफल आणि दोन नळ्या घ्यायचं ठरलं.

"बंदूक तुमच्या नावावर राहू द्या सायब," तातेराव म्हणाले होते. "ठाण्यात चकरा तुम्ही मारा. मला फक्त माझी नळी द्या."

"आणि मी नळी हरवली तर?"

"मंग मी तुम्हाला लेथवर बसवीन आन् तुमच्यातून एक काढीन."

परतूरकरांची नळी आखूड आणि हलकी. तातेरावांची लांब आणि जड, तोंडाशी त्यांनी स्वतः कापून बसवलेलं पोलादी वजन. एकाचा सराव संपला की नळी बदलायची, मग दुसऱ्याने झोपायचं. जो झोपलेला नाही, त्याने तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून कागद बघत बसायचं. या दोघांचा एक नियम होता. दहा गोळ्या पूर्ण होईपर्यंत दुर्बिणीवरच्याने तोंड उघडायचं नाही. गोळी कुठे लागली, हेसुद्धा सांगायचं नाही. नियम तातेरावांचा होता. एरवी ते अखंड बोलत, पण चटईवर झोपले की त्यांना माणसाचा आवाज सहन होत नसे. गोळी सोडायला ते खूप वेळ घेत. परतूरकर नंतर चिडवत, "तातेराव, आमचं बी उगवून वर आलं, तुमची गोळी काही निघाली नाही."

"तुम्ही घाई करता म्हणून तुमची नऊला लागती," तातेराव म्हणत. "मी वाट बघतो. एक येळ अशी येती सायब, सगळं थांबतं. बंदूक मेल्यावानी पडून राहती. तव्हा दाबतो."

परतूरकरांना हे कौशल्य वाटायचं. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. पालथं झोपल्यावर डाव्या दंडाला रायफलचा पट्टा आवळलेला असतो आणि त्यातून नाडीचा ठोका नळीपर्यंत पोहोचतो. नेमाचं वर्तुळ प्रत्येक ठोक्याला किंचित उडतं. सगळे नेमबाज ते उडणं ओळखून दोन ठोक्यांच्या मधे घोडा दाबतात. ठोका थांबतो, असं दुसरं कोणी म्हणत नव्हतं.

तातेराव गेले, त्याच्या आधीच्या वर्षी त्यांचा कागद बदलला. पूर्वी दहा गोळ्यांचं मिळून एक भोक पडायचं, चवन्नीखाली झाकलं जाईल एवढं. आता दोन पडू लागली. एक मधोमध आणि एक त्याच्या बरोबर वर, बोटभर अंतरावर. पसरलेल्या गोळ्या नव्हेत, दोन नेटकी भोकं. जणू एकाच चटईवर दोन माणसं झोपली होती आणि दोघांचा नेम वेगवेगळा होता.

परतूरकरांनी त्यांच्या पद्धतीने तपासणी केली. आधी काडतुसांचा लॉट बदलला. दोन भोकं. आणखी एक लॉट आणला. दोन भोकं. स्क्रू काढून पुन्हा आवळले, नळी आतून साफ केली, दुर्बीण बदलून पाहिली. शेवटी त्यांनी निकाल दिला की नळी गेली. या बोअरच्या नळीतून आयुष्यभर गोळ्या झाडल्या तरी ती सहसा जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी लॉट चांगला आणि निकाल वाईट म्हटल्यावर दुसरं काय उरतं?

"वाइस करतो एक," तातेराव म्हणाले. "बंदूक वाइसमध्ये आवळायची, हात लावायचाच न्हाई. मंग कळंल, नळी गेली का म्या गेलो."

नवी नळी मागवलेली होती. वाइसचं काम मिलच्या लेथवर उरल्या वेळात चालू होतं.

एप्रिलमधला रविवार. दुपारी पत्रा तापून कडकड वाजत होता. तातेराव चटईवर होते, परतूरकर दुर्बिणीवर. सात गोळ्या झाल्या. पाच मधोमध, दोन वर. मग आठवीची वाट.

परतूरकर कागदाकडे बघत होते, माणसाकडे नाही. दुर्बिणीत कागदाशिवाय काही दिसत नाही. वेळ गेला. छपरातली कबुतरं प्रत्येक गोळीला उडत आणि आवाज विरला की परत तुळईवर बसत. तुळईवर बसलेली कबुतरं खाली उतरली. फरशीवर पडलेले जुने दाणे टिपत ती चटईच्या दिशेने चालत आली. बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून परतूरकर बोलले नाहीत. एकदा त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढून नळीच्या टोकाकडे पाहिलं. एवढी स्थिर नळी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांना कौतुक वाटलं आणि ते पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून बसले.

एक कबुतर तातेरावांच्या कोपराजवळ येऊन उभं राहिलं, तेव्हा परतूरकर उठले.

आधी त्यांनी रायफलचा बोल्ट मागे ओढून भरलेलं काडतूस बाहेर काढलं. मग तातेरावांच्या खांद्याला हात लावला. शैलाताईंनी त्या रात्री घरी हे ऐकून विचारलं, "आधी बंदूक?"

"आधी बंदूक," परतूरकर म्हणाले.

हृदयक्रिया बंद पडल्याचं कागदावर आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, तोंडात तंबाखू, भट्टीशेजारी काम. कोणी जास्त विचारलं नाही. रायफल चौकशीसाठी ठाण्यात गेली आणि परत आली. दहाव्यानंतर मिलमधले दोघे जण एका टेम्पोतून वाइस घेऊन गोदामात आले. तातेरावांनी ते पूर्ण केलं होतं. जबड्यांना आतून चामडं लावलेलं, पायावर खडूने काढलेली रेघ अजून पुसलेली नव्हती. "खरात मिस्त्रींनी क्लबला द्या म्हणून सांगितलं व्हतं," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

परतूरकरांनी वाइसवर गोणपाट टाकलं. तातेरावांची नळी तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. तिला वाइसमध्ये आवळून पाहायला एक दुपार पुरली असती. दोन वर्षं त्यांनी ते केलं नाही. कारण सरळ होतं. नळी खराब निघाली तर विषय संपला. चांगली निघाली, तर वर्षभर दर रविवारी कागदावर दुसरं काहीतरी उमटत होतं आणि ते बघायला दुर्बिणीवर परतूरकरच बसलेले होते.

तातेरावांची एकुलती मुलगी भावना परतूर तालुक्यात आष्टीला तलाठी आहे. वडिलांमुळे लहानपणापासून क्लबात येते. क्लबची जुनी रायफल चालवते. त्या रायफलीच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पसरतात, त्यामुळे तिच्या कागदावरून काही वाचता येत नसे. तरी ती चांगली नेमबाज आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. या वर्षी राज्य पातळीच्या निवड चाचणीत तिचं नाव लागलं. एका रविवारी ती आईला, सुरेखाबाईंना, स्कूटीवर मागे बसवून गोदामात आली.

"काका, पप्पांची नळी लावा. चाचणीला मी तीच वापरणार."

"ती गेलेली आहे."

"कोण म्हणलं?"

"मी."

"तपासली होती का?"

परतूरकरांची नजर वाइसकडे गेली. भावनाने वाइसवरचं गोणपाट उचलून पाहिलं आणि परत टाकलं. "सातबारा न बघता कोणी मला जमीन दाखवली तर मी मानीन का काका? लावा नळी. खराब असंल तर खराब म्हणू."

परतूरकरांनी कापड पसरलं. नळी बसवली, स्क्रू आवळले. सुरेखाबाई दारातल्या सावलीत पायरीवर बसल्या. नवरा जिथे गेला त्या जागेकडे त्यांनी तोंड केलं नाही.

रबराच्या चटईवर तातेरावांच्या कोपरांनी पडलेले दोन खळगे होते. तातेराव उंच आणि रुंद होते, भावना त्यांच्या खांद्याला लागेल एवढी. पण ती झोपली आणि तिचे कोपर त्या दोन खळग्यांत बरोबर बसले. तिने ते पाहिलं नाही. परतूरकरांनी पाहिलं.

दहा गोळ्या तिने सावकाश सोडल्या. परतूरकर दुर्बिणीवर होते. पहिल्या चार मधोमध. पाचवी वर. सहावी मध्ये. सातवी वर. त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. दहा झाल्यावर ते कागद आणायला चालत गेले. तिथे पन्नास मीटर अंतर नेहमीपेक्षा जास्त वाटलं, असं ते म्हणत नाहीत. ते एवढंच सांगतात की परत येताना त्यांनी कागद उलटा धरला होता.

दोन भोकं. एक मधोमध, एक बरोबर वर, बोटभर अंतरावर. हस्ताक्षर ओळखावं तसं त्यांनी ते ओळखलं.

भावनाने कागद सुलटा केला आणि ती हसली. "घ्या! तुमचंच बराबर निघालं. खराबच हाय नळी."

परतूरकरही हसले. दोन वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, हे ते मान्य करतात. नळी गेली होती. तातेरावांच्या हाती ती तशी वागली, मुलीच्या हाती तशीच वागली. लॉट खराब. त्यांनी पाना हातात घेतला, नळी उतरवून ठेवायला.

"पण मजा येती हिच्यात," भावना पट्टा सोडवत म्हणाली. "क्लबच्या बंदुकीत कळतच नव्हतं. हिच्यात मधीच एकदम सगळं शांत होतं काका. ठोका नाही, काही नाही. बंदूक मेल्यासारखी पडून राहती. तेव्हा दाबायचं."

पाना परतूरकरांच्या हातात तसाच राहिला.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोण सांगणार? होतंय ना."

"पप्पा बोलले होते का कधी?"

"पप्पा मला घोड्याला बोटसुद्धा लावू देत नव्हते घरी. का?"

दारातून सुरेखाबाईंचा आवाज आला. त्या अजून बाहेरच बघत होत्या. "मामंजीपण असंच म्हणायचे."

"कोण?" परतूरकरांनी विचारलं.

"ह्यांचे वडील, राधाकिसनमामा. छातीला हात लावून म्हणायचे, पोरी, आतलं मेंढरू थबकलं बघ. आन् हसायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा चेष्टा करून राह्यला. म्हातारा तरी कसला, चाळिशीचाच व्हता तव्हा."

"कसे गेले ते?"

"माळावर मेंढरं घेऊन गेल्ते. सांज झाली, आले न्हाईत. हे बघाया गेले. मामा काठीवर हनुवटी ठेवून बसलेले. मेंढरं सगळी भवताली उभी, तोंडं त्यांच्याकडं करून. चरत न्हाईत, बसत न्हाईत. उठायची वाट बघून राह्यली व्हती. दुपारपासून उभी असतील, लोक म्हणले. ह्यांना लई दिवस त्याचंच वाटायचं. म्हणायचे, मेंढरांना कळलं न्हाई, आन् बाजूच्या शेतातल्या माणसांनाबी कळलं न्हाई."

तुळईवर कबुतरं घुमत होती. परतूरकरांनी पाना खाली ठेवला आणि वाइसवरचं गोणपाट ओढून काढलं.

रायफल वाइसच्या जबड्यात अशी बसली, की जणू माप घेऊन शिवलेलं होतं. माप घेऊनच केलेलं होतं. नळी तीच, लॉट तोच. त्यांनी रायफलीला खांदा लावला नाही, गाल टेकवला नाही. फक्त घोडा बोटाने मागे घेतला. दहा वेळा. कागद आणला. एकच भोक, चवन्नीखाली झाकलं जाईल एवढं.

"हे काय?" भावना म्हणाली.

 परतूरकरांनी रायफल वाइसमधून सोडवली आणि त्याच नळीवर ते स्वतः चटईवर झोपले. खळगे त्यांना बसेनात, कोपर दोन्ही बाजूंनी घसरत होते. दहा गोळ्या. त्यांचं भोक वाइसपेक्षा मोठं होतं, कडा फाटलेल्या होत्या, पण एकच होतं.

"म्हणजे मी चुकले," भावना म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "माझा हात खराब. पुन्हा देते दहा."

"नळी बदलतो," परतूरकर म्हणाले. "माझी लावतो. त्याच्यावर दे."

त्यांनी आपली आखूड, हलकी नळी चढवली. स्क्रू आवळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दोन नळ्या, दोन माणसं, चार कागद. प्रयोगशाळेत ते रोज हेच करतात. चौथी गुंडाळी उलगडायची तेवढी राहिली होती आणि ती उलगडू नये असं त्यांना वाटत होतं.

भावना झोपली. या वेळी परतूरकर दुर्बिणीवर बसले नाहीत. तिच्या शेजारी, तिची पाठ दिसेल असे उकिडवे बसले.

पहिली गोळी. "भावना?"

"काय?"

"काही नाही."

दुसरी गोळी. "भावना?"

"अहो काका, बोलू नका ना! पप्पा असते तर हाकललं असतं तुम्हाला."

तिसरी. चौथी. दर गोळीनंतर त्यांनी हाक मारली आणि तिने वैतागून ओ दिली. पाचवीनंतर तिने श्वास सोडला, गाल दस्त्याला टेकवला आणि वाट बघू लागली. वेळ गेला. कबुतरं तुळईवरून एकेक करून फरशीवर उतरली.

"भावना."

उत्तर नाही. नळीचं टोक हलत नव्हतं. दारातल्या सुरेखाबाई आता आत वळून बघत होत्या.

"भावना!"

गोळी सुटली. कबुतरं उडाली. "नेम घालवला ना काका!" भावना डोकं वर करून म्हणाली. "एवढं छान थांबलं होतं!"

परतूरकरांनी बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी केली. "बस. ऊठ."

"चार राहिल्यात."

"ऊठ म्हटलं ना."

या वेळी कागद आणायला ते गेले, तेव्हा भावना मागोमाग गेली. सहा गोळ्या होत्या. चार मधोमध एका भोकात. दोन वर, बोटभर अंतरावर, एकमेकींना चिकटून. नळी दुसरी होती.

दोघं कागदासमोर उभी राहिली. वाळूची पोती जवळून पाहिली की त्यांच्यावरही गुलाबी भुकटीचा थर दिसतो.

"म्हणजे तुमचीपण नळी खराब आहे," भावना म्हणाली. तलाठ्याच्या नोकरीत लोक तिच्यापुढे असंच बोलतात. उतारा समोर असतो, तरी दुसरं काहीतरी म्हणत राहतात. तिला ते लगेच कळलं असावं, कारण ती पुढे बोलली नाही. परतूरकरांकडे बघत राहिली.

हो म्हणणं सोपं होतं. एकदा ते म्हणून झालं होतं.

"दोन्ही नळ्या चांगल्या आहेत," परतूरकर म्हणाले. "तुझ्या पप्पांचीही चांगली होती. मी तेव्हा चुकीचं सांगितलं. उद्या सुट्टी टाक. आपण संभाजीनगरला जाऊ, हृदयाच्या डॉक्टरकडे."

"चाचणी पंधरवड्यावर आहे काका."

"माहीत आहे."

ती कागदाच्या वरच्या भोकात बोट घालून उभी राहिली. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "पप्पांचा शेवटचा कागद असाच होता?"

"असाच होता."

डॉक्टरांना कागद दाखवायची गरज पडली नाही. यंत्राच्या पट्टीवर रेघ उमटत गेली. ठोका, ठोका, एक चुकार घाईचा ठोका, मग लांब मोकळी जागा आणि त्यानंतर एक मोठा, उंच ठोका. शेजारी उभ्या असलेल्या परतूरकरांना ती मोकळी जागा ओळखता आली. वाट बघणारा नेमबाज तिथेच घोडा दाबायला घेतो, आणि गोळी निघेपर्यंत मोठा ठोका येऊन नळी उचलतो. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड होत जाणारा आहे आणि असं घराण्यात चालत येतं. वडील, आजोबा कसे गेले, असं त्यांनी विचारलं. सुरेखाबाईंनी माळावरच्या मेंढरांचं सांगितलं. डॉक्टर लिहायचे थांबले, मग पुन्हा लिहू लागले.

भावनाच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली आता एक चपटं यंत्र आहे. ठोका फार भलता चालला तर ते आतून झटका देतं. एकदा दिला आहे, आष्टीच्या चावडीत, पीक पाहणीची बैठक चालू असताना. तिच्या हातातला चहा समोरच्या शेतकऱ्याच्या धोतरावर सांडला. "मॅडम, एवढा राग?" तो म्हणाला म्हणे. ती हे हसून सांगते. चाचणीला ती गेली नाही. दंडाला पट्टा आवळून पालथं झोपायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, आणि पुढे परवानगी मिळेल की नाही ते कोणी सांगत नाही. तिला त्याचं वाईट वाटतं. ते ती कोणाजवळ बोलत नाही, पण क्लबात नव्या मुलींचे कागद येतात तेव्हा ती आधी भोकं मोजते, गुण नंतर.

रविवारी ती आष्टीहून येते. परतूरकर तातेरावांची नळी चढवतात, कारण तिचा तसा हट्ट आहे. पडून राहिली तर गंजेल, असं ती म्हणते. चटई बदललेली नाही. खळगे अजून परतूरकरांना बसत नाहीत.

ते झोपतात. भावना दुर्बिणीवर बसते, पण डोळा लावत नाही. गोळ्या सुटत राहतात. परतूरकर आता साठीकडे आले आहेत, नजर पूर्वीसारखी नाही, त्यामुळे एखाद्या गोळीला त्यांना फार वेळ लागतो. कबुतरं खाली उतरू लागतात.

"काका?"

"आहे गं."

"मंग दाबा की जल्दी."